गिनी-बिसाऊ: कोकेन पकडलं, पुढे काय?

मृण्मयी_पुणे
नमस्कार मंडळी. एलएलएमला (कायद्याचं पदव्युत्तर) आहे, पेपरसाठी यादवीतून बाहेर पडलेला देश म्हणून पश्चिम आफ्रिकेतला गिनी-बिसाऊ निवडलाय आणि अडकलेय. 2013 मध्ये तिथल्या माजी नौदलप्रमुखाला, बुबो ना चुटोला, अमेरिकेच्या डीईएने (अमली पदार्थविरोधी यंत्रणेने) भर समुद्रात पकडलं आणि खटला न्यूयॉर्कला चालवला. 2024 मध्ये मात्र व्हेनेझुएलाहून आलेलं 2.6 टन कोकेनचं विमान राजधानी बिसाऊच्याच विमानतळावर धरलं आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्याच कोर्टाने 17 वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे न्यायव्यवस्था सुधारली म्हणायची का? तिकडे राहिलेलं कोणी आहे का इथे?

पानसुपारी
तिकडे कोण राहणार ताई, नकाशात शोधायलाच मला दहा मिनिटं लागली. अमेरिकेला दुसऱ्याच्या भानगडीत शिरायची खोड आहे, एवढं खरं.

काजूवाला_वेंगुर्ला
आहे की, मी आहे. 2008 ते 2013, दर वर्षी एप्रिल ते जुलै बिसाऊत, काजूबी घ्यायला. आपली बी कारखान्यांना वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेची आणतात, आणि बिसाऊची बी आउटटर्नला (बीतून गर किती निघतो त्याला) चांगली. गोदामात बसायचं, नमुन्याची बी कापायची, गर तोलायचा, मग भाव. त्या देशाची निर्यात म्हणजे जवळजवळ सगळी काजूच. गावात लोक बी देऊन तांदूळ नेत.

12 एप्रिल 2012 च्या संध्याकाळी खोलीत हिशेब करत होतो. मोठा आवाज झाला. वाटलं ट्रान्सफॉर्मर उडाला. मग आठवलं, या शहरात तो उडण्याइतकी वीज असते कुठे! पंतप्रधानांच्या घरावर रॉकेटं डागत होते. गोदामाचा राखणदार म्हणाला, लष्कर आहे, दोन दिवस बाहेर पडू नका. सर आली आहे, आडोशाला थांबा, अशा सुरात.

आता तुमचा प्रश्न. पोरी, पकडणं हा त्यातला सोपा भाग. 2006 साली तिथल्या न्यायिक पोलिसांनी 674 किलो कोकेन पकडलं होतं. ते सरकारी खजिन्याच्या तिजोरीत ठेवलं आणि तिजोरीतूनच गेलं. धरलेले परदेशीही सुटले. पोलिसांकडे गाडी असली तर डिझेल नसे. शिक्षा झालेल्याला ठेवायला धड तुरुंग नव्हता. बाफाता आणि मान्सोआचे तुरुंग पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने दुरुस्त झाले. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर लष्कर. मार्च 2009 मध्ये लष्करप्रमुख बॉम्बस्फोटात गेला, काही तासांत सैनिकांनी राष्ट्राध्यक्ष व्हिएरांना मारलं. हंगामाच्या तोंडावर. आम्ही तिकिटं रद्द करायची की नाही यावर आठवडाभर भांडत होतो.

अशा गावात नौदलप्रमुखावर खटला कोणता न्यायाधीश चालवणार? म्हणून समुद्र. डीईएचे लोक कोलंबियाच्या फार्क बंडखोरांची माणसं बनून गेले. पानसुपारी, तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण दुसरा रस्ता कोणता होता तेही सांगा. बुबोने गुन्हा कबूल केला, 2016 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. ती तोवर बहुतेक भोगून झाली होती, म्हणून स्वारी परत घरी. 2012 च्या बंडाचा लष्करप्रमुख इंद्जाई, त्याच्यावरही न्यूयॉर्कला आरोप आहेत, 2021 मध्ये 50 लाख डॉलरचं इनाम लावलं. पत्ता सगळ्यांना ठाऊक, तरी हाती लागला नाही.

2019 ला कोर्टं जरा हलली. मासळीच्या ट्रकच्या चोरकप्प्यात 789 किलो सापडलं, त्या कारवाईला नावच माशाचं, काराप्याऊ. (आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ. वेंगुर्लेकराच्या हे लक्षात राहणारच.) त्याच वर्षी पुन्हा 1,869 किलो. शिक्षा झाल्या, पण म्होरके कोर्टात हजर नसताना, आणि अपिलात त्या उतरल्या.

त्या विमानाचा निकाल मिळवलात तर एवढंच बघा: 17 वर्षं झाली ती लॅटिन अमेरिकेतून आलेल्या माणसांना. एवढं मोठं विमान कोणाला न सांगता राजधानीत उतरत नाही. ज्यांना सांगितलं होतं, त्यांची नावं शोधा.

वकील_काळा_कोट
काकांनी तिजोरीचं सांगितलं म्हणून. आपल्याकडेही मालखान्यातून (जप्त माल ठेवायच्या खोलीतून) माल जातो. 2016 च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावरच कान उपटले. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 52अ खाली नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे आणि बाकी माल लवकर नष्ट करायचा. मृण्मयी, कोणत्याही देशाचं बघताना आधी विचारा, माल जप्तीपासून जाळण्यापर्यंत कोणाच्या ताब्यात होता. बाहेरून गाड्या, संगणक, प्रशिक्षण सगळं मिळतं. मालखान्याची किल्ली शेवटी तिथल्याच कोणाच्या तरी कमरेला असते.

मृण्मयी_पुणे
सगळ्यांचे आभार, पेपरचा अर्धा आराखडा बदलला! काका, 2013 नंतर का गेला नाहीत?

काजूवाला_वेंगुर्ला
गुडघे. आता भाचा जातो. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथे पुन्हा लष्कराने सत्ता घेतली, त्या रात्री घरी आला. मामा, एप्रिलचं काय करू? म्हटलं, वजनकाटा तपासून ठेव. बी धरायची तेव्हा धरणारच.