मदत हवी आहे: छापील आवृत्ती नसलेल्या ई-पुस्तकांवरील जीएसटी आणि परदेशातील वाचकांना थेट विक्री

नमस्कार.

मी पुण्यात कोथरूडला राहते. शाळेत मराठी शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी चार पुस्तके स्वतःच प्रकाशित केली. त्यांपैकी दोन कादंबऱ्या छापील आणि ई-पुस्तक अशा दोन्ही रूपांत उपलब्ध आहेत. दोन कथासंग्रह मात्र छपाईचा खर्च झेपेना म्हणून केवळ ई-पुस्तक म्हणूनच काढले. इतके दिवस विक्री मोठ्या प्लॅटफॉर्मवरून होत असल्यामुळे कराचा हिशेब तेच पाहत होते आणि माझ्या खात्यात फक्त रॉयल्टी जमा होत असे. गेल्या दिवाळीपासून मी स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट विक्री सुरू केली आणि तेव्हापासून गोंधळ वाढत गेला आहे. पुस्तकविक्री आणि रॉयल्टी मिळून माझी वर्षाची उलाढाल दोन लाखांच्याही आत आहे. जीएसटी नोंदणी केलेली नाही.

पहिला प्रश्न दराचा आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. २७ जुलै २०१८ पासून ई-पुस्तकावर ५ टक्के दर लागू झाला, परंतु त्या अधिसूचनेत ई-पुस्तक म्हणजे ‘छापील पुस्तकाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती’ अशी व्याख्या असल्यामुळे, ज्याची छापील प्रत कधी निघालीच नाही अशा पुस्तकावर १८ टक्के लागतो, असे मला सांगण्यात आले. १९९ रुपये ही करासह किंमत धरली, तर कादंबरीवर ९ रुपये ४८ पैसे कर जातो आणि कथासंग्रहावर ३० रुपये ३६ पैसे. दोन्ही पुस्तके मीच लिहिली, दोन्ही वाचक मोबाइलवरच वाचतो, आणि तरी केवळ छपाईला पैसे नव्हते म्हणून दुसऱ्या पुस्तकावर तिपटीहून अधिक कर बसतो, हे मला पटत नाही. माझे एक दृष्टिहीन वाचक आहेत. ते मोबाइलकडून कथा वाचून घेतात. करमुक्त छापील प्रतीचा त्यांना काहीही उपयोग नाही. जी प्रत त्यांना वाचता येते तिच्यावरच सर्वाधिक कर आहे. अप्पा बळवंत चौकातील एका छपाईवाल्यांनी पन्नास प्रतींचा दर दिला आहे. तेवढ्या प्रती छापून विक्रीला ठेवल्या, तर कथासंग्रहांना ५ टक्के दर लागू होईल का?

दुसरी अडचण माझ्याच हातून घडली आहे. येथील एका करसल्लागारांनी, ऑनलाइन विक्री आहे म्हणजे पहिल्या रुपयापासून कर लावावाच लागतो, असे ठामपणे सांगितले. त्यावर विसंबून मी कथासंग्रहाच्या अकरा बिलांवर १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवून वसूल केला. दुसऱ्या सल्लागारांनी ती बिले पाहून कपाळाला हात लावला, पण आता काय करायचे ते सांगितले नाही.

तिसरा प्रश्न परदेशाचा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने जर्मनीतील श्टुटगार्टहून दोन्ही कथासंग्रह घेतले. पैसे येताच ईपब फाइल त्याला आपोआप गेली. नंतर मी नोंद उघडून पाहिली तेव्हा पत्ता आणि आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) श्टुटगार्टचा होता, परंतु कार्ड पुण्यातील बँकेचे होते. अशा वेळी ही विक्री कोणत्या देशातील मानायची, आणि तेथील व्हॅटची जबाबदारी माझ्यावर येते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी जीएसटी विवरणपत्रे भरण्याचे काम करतो, त्यामुळे भारतापुरते नेमके सांगू शकतो.

आपल्या थेट विक्रीवर आज ५ टक्केही नाही आणि १८ टक्केही नाही. ऑनलाइन पुरवलेले ई-पुस्तक कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे. आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारांवरील एकात्मिक जीएसटी) कायद्यातील ऑनलाइन सेवांच्या व्याख्येत ई-पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये आहे. परराज्यात विक्री केली की सक्तीची नोंदणी, हा मूळ नियम सेवा देणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये शिथिल झाला, आणि ई-कॉमर्स प्लॅटफॉर्ममार्फत सेवा देणाऱ्यांना तशीच सवलत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिळाली. आपल्याला मिळालेला सल्ला बहुधा त्या मूळ नियमावर आधारलेला असावा. मात्र उलाढाल मोजताना रॉयल्टी, करमुक्त छापील पुस्तके आणि निर्यात हे सगळे एका पॅनखाली एकत्र धरावे लागते, हे विसरू नका.

अकरा बिलांचा विषय आजच हातात घ्या. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला बिलावर जीएसटी वसूल करता येत नाही, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ३२ सांगते. आणि कर म्हणून घेतलेली रक्कम कलम ७६ प्रमाणे सरकारजमा करावी लागते, ती स्वतःकडे ठेवता येत नाही. रक्कम किरकोळ आहे, पण कागद स्वच्छ हवा. अकरा बिलांची यादी करून एखाद्या सनदी लेखापालांकडून लेखी सल्ला घ्या आणि यापुढच्या बिलांवरून कराचा रकाना काढून टाका.

दराचा प्रश्न प्लॅटफॉर्मवरील विक्रीपुरता उरतो. किती प्रती छापाव्यात याची अट व्याख्येत नाही, परंतु छापील पुस्तक खरोखर अस्तित्वात असले पाहिजे. पन्नास प्रती छापणार असाल तर त्या विक्रीला ठेवा, छपाईचे बिल जपा, आणि छापील व ई-आवृत्तीसाठी वेगवेगळे आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घ्या. ते राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतात.

प्रतिसाद २

युरोपचा नियम मी स्वतः पुष्कळ शोधून समजून घेतला आहे. १ जानेवारी २०१५ पासून तेथे ई-पुस्तकावरील व्हॅट विक्रेत्याच्या नव्हे, तर ग्राहकाच्या देशाच्या दराने लागतो. १०,००० युरोपर्यंतची सवलत केवळ युरोपीय संघातील विक्रेत्यांना आहे. आपल्याला पहिल्या प्रतीपासूनच नियम लागू होतो. जर्मनीत ई-पुस्तकांवर डिसेंबर २०१९ पासून ७ टक्के दर आहे. ग्राहकाचा देश ठरवण्यासाठी परस्परांशी जुळणारे दोन पुरावे लागतात. आपल्याकडे पत्ता आणि आयपी हे दोन्ही जर्मनीचे आहेत, म्हणजे कार्ड पुण्याचे असले तरी विक्री जर्मनीतीलच. नियम पाळायचा तर संघाबाहेरील विक्रेत्यांसाठीच्या ओएसएस (वन स्टॉप शॉप, म्हणजे सगळ्या सदस्य देशांचा व्हॅट एकाच ठिकाणी भरण्याची सोय) योजनेत एका सदस्य देशात नोंदणी, दर तिमाहीला विवरणपत्र आणि दहा वर्षे नोंदी जपणे हे सगळे आले.

दोन-चार प्रतींसाठी हा व्याप परवडत नाही. मी माझ्या संकेतस्थळावर युरोपीय संघातील देश बंद केले आणि तेथील वाचकांना प्लॅटफॉर्मचा दुवा देते, कारण तेथे व्हॅट वसूल करून भरण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मची असते. अर्थात त्याची झळ रॉयल्टीला बसते: ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर जर्मनीसाठी ४.९९ युरो किंमत ठेवली, तर रॉयल्टीचा हिशेब व्हॅट वजा जाता ४.६६ युरोवर होतो. ब्रिटनमध्ये १ मे २०२० पासून ई-पुस्तकांवर शून्य दर आहे, त्यामुळे लंडनच्या वाचकांच्या बाबतीत ही वजावट होत नाही.

मूळ लेखिकेचे उत्तर

आपण दोघांनीही वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. बिलांचा साचा आजच बदलला, अकरा बिलांची यादी करून लेखापालांची सोमवारची वेळ घेतली, आणि युरोपीय संघातील देशही बंद केले. दोन्ही कथासंग्रहांच्या पन्नास-पन्नास प्रती छापायचे ठरवले आहे.

एक शंका उरते. श्टुटगार्टच्या विद्यार्थ्याचे पैसे परत करून त्याला दोन्ही पुस्तके भेट म्हणून दिली, तर ती विक्री रद्द झाली असे धरता येईल का, की एकदा फाइल पोहोचली म्हणजे व्हॅट देय झालाच? कोणी असा प्रसंग प्रत्यक्ष हाताळला असेल, तर कृपया लिहावे.