मायब्रिजच्या पैलवानांचं पान: अस्सल की नंतरची छपाई?

तालीमकर
नमस्कार मंडळी. पुण्याच्या जुन्या बाजारात एडवर्ड मायब्रिजचं, म्हणजे हालचालींचे ओळीने फोटो काढणाऱ्या जुन्या फोटोग्राफरचं, एक पान पाहिलं. दोन विवस्त्र पैलवान, एकाच झटापटीचे ओळीने छोटे छोटे फोटो. खाली 'अ‍ॅनिमल लोकोमोशन', १८८७ असं छापलंय. विकणारा अस्सल म्हणतो. दुसऱ्या एका दुकानात अशाच पानातली एकच चौकट मोठी करून पोस्टर मिळतंय, बरंच स्वस्त. व्यायामशाळेच्या ऑफिसात लावायचंय. काय घेऊ?

शाईवाला
गिरगावात आधी ब्लॉकच्या आणि मग ऑफसेटच्या धंद्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून छपाईपासून सुरुवात करतो. चांगलं भिंग घेऊन जा आणि अंगावरच्या करड्या सावलीवर धरा. रांगेत ठिपके दिसले तर स्क्रीन, म्हणजे फोटोचे ठिपके पाडणारी जाळी, लावून केलेलं काम, म्हणजे नंतरचं. मूळ पानं कोलोटाइपची. काचेवर जिलेटिनचा थर, निगेटिव्हमधून त्यावर प्रकाश, आणि त्या थराला ज्या बारीक सुरकुत्या पडतात त्या शाई धरतात. भिंगाखाली वेडावाकडा कण दिसतो, ठिपका सापडत नाही. खांद्यावरून पाठीकडे सावली कशी उतरते ते निवांत बघा. इतकी सलग छटा ठिपक्यांनी येत नाही. मूळ कागद साधारण १९ बाय २४ इंच, पण कडा कापलेली पानंही फिरतात.

आता महत्त्वाचं. एका चौकटीचं पोस्टर कृपा करून घेऊ नका. अस्सल परवडलं नाही तर साधी छपाई घ्या, पण अख्ख्या पानाची. १८९३ मध्ये न्यूयॉर्कला फोटोग्राफर सॅरोनीने शरीरसौष्ठवपटू सँडोचे फोटो काढले, ज्याच्या नावाची बनियन आपण अजून घालतो तो सँडो. तो पोझ देऊन उभा आहे, तिथे एक फोटो पुरतो. मायब्रिजने १८८४ ते १८८६ फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जे केलं ते वेगळं. मागे पांढऱ्या दोऱ्यांच्या चौकोनांची काळी भिंत, बाजूला १२ कॅमेऱ्यांची रांग, शिवाय आणखी दोन कोनांतून कॅमेरे. 'अ‍ॅनिमल लोकोमोशन' या संचाची अशी ७८१ पानं झाली. समोर विद्यापीठातले खेळाडू, आणि पन्नाशी उलटलेला मायब्रिज स्वतःसुद्धा, उघड्या अंगाने. पकड कुठे बसली, वजन कोणत्या पायावर गेलं, तोल कधी सुटला, हे शेजारच्या चौकटीमुळे कळतं. तुमच्या पोरांना तेच तर दाखवायचंय ना?

मातीकाम
शिल्पकलेची विद्यार्थिनी आहे. शाईवाले काकांचं म्हणणं पटतं, एक भर घालते. ही पानं म्हणजे काटेकोर शास्त्रीय नोंद नाही. अभ्यासकांनी दाखवलंय की काही पानांवर मधल्या चौकटी गाळल्यात किंवा क्रम जुळवून घेतलाय. मला त्यामुळे ती जास्त आवडतात, कारण पान रचणारा डोळा चित्रकाराचा होता. चित्रकार फ्रान्सिस बेकनने १९५३ मध्ये पैलवानांच्याच फोटोंवरून दोन देहांचं चित्र रंगवलं. आणि तालीमकर, ऑफिसात पालक येत असतील तर लंगोटासारखं वस्त्र नेसलेल्या पुरुषांची पानंही आहेत. मायब्रिजने तो गटच वेगळा ठेवला होता.

शाईवाला
क्रमाचं मान्य. तरी त्याने जुळवलेलं पान त्याचं आहे, दुकानदाराने कापलेली चौकट त्याची नाही.

तालीमकर
पालकांचा मुद्दा माझ्या मनात होताच, बरं झालं सांगितलंत. रविवारी भिंग घेऊन जातो. ठिपके निघाले तर लंगोटवालं अख्खं पान छापून घेईन. अस्सल निघालं तर फ्रेम कशी करू?

शाईवाला
आम्लविरहित पुठ्ठ्याचं माउंट, काच आणि कागद यांत फट, आणि ऊन पडत नाही ती भिंत. चिकटपट्टी मागूनसुद्धा लावू देऊ नका.