क्वालिटी इन्स्पेक्टरच्या बायोडाट्यात किती वाढवून लिहावं? कन्सल्टन्सीवाल्याने केलेले बदल बघून सांगा

बार्शीकर_डिप्लोमा

नमस्कार मंडळी. मी मेकॅनिकल डिप्लोमा, गाव बार्शी तालुक्यात. सध्या भोसरी एमआयडीसीत एका मशीनिंग व्हेंडरकडे क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. डिप्लोमा झाल्यावर चाकणला एका मोठ्या कंपनीत वर्षभर अप्रेंटिस होतो, त्यानंतर इथे अडीच वर्षं झाली. हातात एकोणीस हजार येतात. खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे गेले की काही उरत नाही. धाकट्या बहिणीचं यंदा नर्सिंगला ॲडमिशन आहे, म्हणून नोकरी बदलायचीच आहे.

चिंचवडला एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. त्या माणसाने माझा बायोडाटा वाचला, पेन काढलं आणि माझ्यासमोरच खाडाखोड केली. अडीच वर्षांची चार केली. ‘इन्स्पेक्टर’चं ‘इंजिनिअर’ केलं. खाली सीएमएम (पार्टची मापं घेणारं कॉम्प्युटरचं मशीन) प्रोग्रामिंग, पीपॅप (नवीन पार्टच्या मंजुरीसाठी कस्टमरला द्यायची फाइल), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला तक्ता) असं भरलं. पगार सव्वीस हजार लिहिला. वर म्हणाला, चार वर्षांचं एक्स्पिरियन्स लेटर पाच हजारांत करून देतो, तुमच्या कंपनीच्या लेटरहेडसारखंच.

खरं सांगायचं तर सीएमएमवर मी फक्त पीस लावतो आणि तयार प्रोग्राम रन करतो. पीपॅपची फाइल आमचे सर बनवतात, मी डायमेन्शनल रिपोर्ट भरून देतो. एफएमईए मी फक्त ऑडिटच्या वेळी भिंतीवर लावलेलं पाहिलंय. माझं रोजचं काम म्हणजे फर्स्ट पीस बघणं, दर तासाला लाइनवर रीडिंग घेणं आणि पीडीआय रिपोर्ट, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा. मध्यंतरी रात्रपाळीला एका हाउसिंगचा बोअर (आतलं गोल भोक) सारखा लहान यायचा. मी आठवडाभर तासातासाचं रीडिंग वेगळ्या वहीत उतरवलं, तेव्हा लक्षात आलं की ऑपरेटर झिजलेला इन्सर्टच (धातू कापणारं पातं) पुढे चालवतो, कारण रात्री स्टोअरला कुलूप असतं. सुपरवायझरला सांगून दोन इन्सर्ट मशीनपाशीच ठेवायला लावले. पण असल्या किरकोळ गोष्टी बायोडाट्यात कोण लिहितं?

रूममेट म्हणतो सगळेच लिहितात, तूच हरिश्चंद्र का बनतोस. मला भीती पकडलं जाण्याची आहेच, पण त्याहून जास्त ते मनाला पटत नाहीये. नीट मार्गदर्शन करा. अप्रेंटिसचं वर्ष अनुभवात धरायचं का, हेही सांगा.

रांजणगाव_मेंटेनन्स

भावा, तुझा रूममेट चुकीचं बोलत नाही. जाहिराती बघ की. ‘अनुभव चार ते सहा वर्षं’ आणि पगार फ्रेशरचा. कंपनी मुलाखतीत सांगते पाच दिवसांचा आठवडा, आणि दुसऱ्या महिन्यापासून रविवारी बोलावते. ऑफर लेटरवर जो सीटीसी (कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च) लिहितात तो हातात कधी पडतो का? त्यांनी फुगवायचं आणि आपण मात्र तोळामासा मोजून लिहायचं, हा कुठला न्याय?

नोकरीच्या साइटवर अडीच टाकलं तर चारच्या फिल्टरमध्ये तू येतच नाहीस. तुझा बायोडाटा कुणी उघडणारच नाही. खोटं लेटर बनवू नकोस, ते धोक्याचं आहे. पण वर्षं आणि पदाचं नाव थोडं पुढेमागे केलं तर कुणाचं काय जातं? काम तर तू करून दाखवशील. घरची परिस्थिती आहे, बहिणीचं शिक्षण आहे. मी तुझ्या जागी असतो तर चार लिहिले असते.

तळेगाव_एचआर

मी तळेगावला एका ऑटो कंपनीत एचआरला आहे, कागद तपासण्याचं काम माझ्याकडेच असतं. मेंटेनन्सवाल्या दादांचा राग मला समजतो. पण ‘थोडं पुढेमागे’ कुठे अडकतं ते सांगते.

जॉइनिंगला आम्ही यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) घेतो. पीएफच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक कंपनीची जॉइनिंग आणि सोडल्याची तारीख दिसते. दोन मिनिटांचं काम आहे. तुझी अडीच वर्षं तिथे अडीचच दिसणार. पगारासाठी शेवटच्या तीन पे-स्लिपा आणि बँक स्टेटमेंट. दोन्ही जुळवल्यावर सव्वीस हजार टिकत नाहीत. आणि हे सगळं कधी होतं? तू जुनी नोकरी सोडून आल्यावर. तेव्हा ऑफर रद्द झाली की दोन्हीकडून जातोस. त्यातूनही निसटलास तरी नेमणूक पत्रात कलम असतंच, माहिती खोटी आढळली तर केव्हाही कामावरून काढता येईल. त्या कलमाला मुदत नसते.

लेटरहेडची नक्कल करणं हा तर सरळ बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात बनावट कागद करणं आणि तो खरा म्हणून वापरणं, दोन्हीला शिक्षा आहे. लेटर कन्सल्टन्सीवाला बनवणार, पण सही करून सादर करणारा तू असशील.

आता पगाराचं. तू एकोणीस म्हणतोस ते हातात येणारे. फॉर्मवर बहुतेक ठिकाणी सीटीसी विचारतात. स्लिप काढून बघ. तुझा पीएफ, ईएसआयचे (कामगार विमा) पाऊण टक्का आणि दोनशे रुपये प्रोफेशनल टॅक्स कापायच्या आधीचा ग्रॉस वीस-एकवीस हजारांच्या घरात असेल. त्यावर कंपनी तिच्या बाजूने बेसिकच्या १२ टक्के पीएफ भरते, ईएसआयचे सव्वातीन टक्के भरते, किमान ८.३३ टक्के बोनस असतो, आणि सीटीसीत ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्केही धरतात. बेसिक तेराच्या आसपास असेल तर हे सगळं मिळून चोवीस-पंचवीस हजारांपर्यंत जातं. हा तुझा खरा आकडा आहे, तो बिनधास्त लिही. बरीच मुलं सीटीसीच्या रकान्यात हातातला पगार लिहून स्वतःचं नुकसान करून घेतात. आणि ‘अपेक्षित’च्या रकान्यात तुला जे हवं ते माग. मागण्यात खोटं काहीच नसतं.

अप्रेंटिसचं वर्ष जरूर लिही, पण वेगळ्या ओळीत, ‘अप्रेंटिस’ असंच. अप्रेंटिस कायद्याखालच्या मुलांचा पीएफ कापत नाहीत, त्यामुळे ते वर्ष यूएएनवर दिसणार नाही. नोकरीत मिसळून लिहिलंस तर खरं असूनही खोटं वाटेल. डिप्लोमावाल्यांना मुंबईच्या अप्रेंटिसशिप बोर्डाचं सर्टिफिकेट मिळतं, ते जोड.

टूलरूम_ते_क्वालिटी

बार्शीकर, मी चाकणला क्वालिटी बघतो. इन्स्पेक्टर घेताना टेबलापलीकडे मीच बसलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाहिरातींबद्दल मेंटेनन्सवाले म्हणतात ते खरं आहे. आधीच्या माणसासाठी काढलेली जाहिरात तशीच उचलून टाकतात, वर्षं कुणी बदलत नाही. लाइनवर उभं राहायला मला अडीच-तीन वर्षांचीच मुलं लागतात, आणि मी त्यांना बोलावतो. तेव्हा अडीच लिही आणि चारच्या जागेलाही अर्ज कर. साइटच्या फिल्टरवर विसंबू नकोस. तुझ्या आधीच्या अप्रेंटिस बॅचची पोरं कुठे कुठे लागलीत ते शोध, त्यांच्यामार्फत बायोडाटा थेट क्वालिटीच्या माणसाकडे पोचव. चाकण-भोसरीत निम्म्या भरत्या अशाच ओळखीने होतात.

आता मुलाखतीत काय होतं ते ऐक. मी एक पीस, त्याचं ड्रॉइंग, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बोअर गेज समोर ठेवतो. ड्रॉइंगवर २५ एच७ चा बोअर असतो, म्हणजे व्यास २५ मिलिमीटर आणि एच७ हा टॉलरन्सचा कोड. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, विचारतो. शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). पाठ नसेल तर चार्ट बघून सांग, माझी हरकत नाही. मग विचारतो, कशाने मोजशील? इथे चार-पाच वर्षं लिहून आलेली मुलं व्हर्नियर उचलतात. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) २० मायक्रॉन, तो २१ चा पट्टा काय मोजणार? आणि एखादा मुलगा म्हणतो, ‘सर, प्लग गेजने ओके-नॉट ओके कळेल, पण साइज कुठे सरकतोय ते बघायचं तर बोअर गेज सेटिंग रिंगवर झिरो करून घ्यावा लागेल.’ त्याने बायोडाट्यात किती वर्षं लिहिलीत हे मी परत उलटून बघत नाही.

एफएमईए लिहिणाऱ्याला मी एवढंच विचारतो की तुमच्या टीममध्ये कोण कोण बसायचं, आणि एक फेल्युअर मोड सांग. २०१९ च्या नव्या हँडबुकात आरपीएन (गुणाकार करून काढलेला धोक्याचा आकडा) जाऊन ॲक्शन प्रायॉरिटी आली, तरी पोरं नेटवरून पाठ केलेलं ‘आरपीएन शंभरच्या वर गेला की ॲक्शन’ एवढंच म्हणतात. जुनी पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी चालते, त्यात काही वावगं नाही. पण स्वतः बसलेल्या माणसाला निदान एखादा भांडणाचा मुद्दा आठवतो. प्रॉडक्शनवाला सिव्हिरिटी (परिणामाची तीव्रता) कमी धरा म्हणून कसा अडून बसला होता, असं काहीतरी.

‘कुणाचं काय जातं’ याचं उत्तरही देतो, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. एका ठिकाणी सीएमएम प्रोग्रामिंग येतं असं लिहून एक जण लागला. स्वभावाने चांगला, कामाला वाघ. नवीन पार्ट आला तेव्हा ड्रॉइंगवरचे डेटम (मोजायचे ठरवून दिलेले आधार) सोडून त्याने सोयीच्या फेसवरून अलाइनमेंट घेतली. होल पोझिशन सगळी ओके यायला लागली. माल गेला आणि कस्टमरच्या असेंब्लीत बोल्टच बसेनात. मग रात्रभर कस्टमरच्या यार्डात पेट्या उघडून सॉर्टिंग. ते कुणी केलं? कंत्राटावरच्या मुलांनी, थंडीत, प्रत्येक पीस हातात घेऊन. शेजारच्या टेबलावर आठ-दहा वर्षं सीएमएम चालवलेला माणूस बसलेला होता. त्याला विचारलं असतं तर पाच मिनिटांत चूक सापडली असती. पण ‘येतं’ लिहून आलेला माणूस ‘हे कसं करायचं’ असं विचारू शकत नाही. पहिले सहा महिने शिकायचे असतात, तेच तो लपवण्यात घालवतो. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं. तो मुलगा शिकू शकला असता.

आणि आपलं काम काय आहे, बघ. लाइनवर शंभर माणसं असतात, पण गेजवर दिसलं तेच कागदावर उतरवायचा पगार फक्त इन्स्पेक्टरला मिळतो. ऑपरेटर म्हणतो, दोन मायक्रॉनने काय होतंय, ओके कर. डिस्पॅचवाला म्हणतो, गाडी उभी आहे. तेव्हा जो ‘नाही’ म्हणतो तो मला हवा असतो. स्वतःच्या बायोडाट्यावर अडीचचे चार करणाऱ्या माणसाच्या हातात मी पीडीआय रिपोर्ट कसा देऊ?

आता सगळ्यात महत्त्वाचं. झिजलेल्या इन्सर्टची गोष्ट तू ‘किरकोळ’ म्हणून एका परिच्छेदात संपवलीस. अरे, तुझ्या पूर्ण पोस्टमध्ये मला बोलवावंसं वाटायला लावणारी तेवढी एकच गोष्ट आहे. साइज सरकतोय हे पकडलंस, तासातासाचा डेटा घेतलास, कारण मशीनमध्ये नसून स्टोअरच्या कुलपात आहे हे शोधलंस आणि उपाय करून घेतलास. इंजिनिअर हुद्द्याच्या कित्येक माणसांकडून मला हे मिळत नाही. कन्सल्टन्सीवाल्याने पीपॅप-एफएमईएने पान भरलं आणि ही ओळ लिहायला जागाच ठेवली नाही. ती सगळ्यात वर घे.

बार्शीकर_डिप्लोमा

सगळ्यांचे मनापासून आभार. मेंटेनन्सवाले दादा, तुम्ही माझ्या बाजूने बोललात हे कळतंय, पण मी अडीचच लिहिणार. ताई, स्लिप काढून हिशोब केला, सीटीसी चोवीस हजार सहाशेच्या आसपास येतोय. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सर, नवीन ओळी अशा लिहिल्यात, बरोबर आहेत का बघा:

‘रात्रपाळीत हाउसिंगचा बोअर अंडरसाइज येत होता, तासवार रीडिंग घेऊन इन्सर्ट वेअर हे कारण शोधले, मशीनजवळ इन्सर्ट ठेवण्याची व्यवस्था करून घेतली, रिजेक्शन ७० टक्क्यांनी कमी.’

‘सीएमएम ऑपरेशन: तयार प्रोग्रामवर पीस लावून रिपोर्ट काढणे. प्रोग्रामिंग शिकण्याची इच्छा.’

‘पीपॅपसाठी डायमेन्शनल रिपोर्ट तयार करणे.’

टूलरूम_ते_क्वालिटी

दुसरी आणि तिसरी ओळ उत्तम. पहिलीतले ७० टक्के कुठून आणलेस? रिजेक्शन रजिस्टरमधून काढले असशील तर ठेव, आणि कोणत्या दोन महिन्यांची तुलना आहे ते मुलाखतीत सांगता आलं पाहिजे. अंदाजाने लिहिले असशील तर आकडा काढून टाक, ‘रिजेक्शन कमी झाले’ एवढं पुरे. रजिस्टरचा फोटो मात्र काढू नकोस, आणि बायोडाट्यात कस्टमरचं नाव किंवा पार्ट नंबर येऊ देऊ नकोस. ती माहिती कंपनीची आहे.

बार्शीकर_डिप्लोमा

अंदाजच होता सर. आज सेकंड शिफ्ट आहे, सुपरवायझरना विचारून रजिस्टर बघतो. आकडा निघाला तर लिहीन, नाहीतर काढतो. कन्सल्टन्सीवाल्याला फोन करून लेटर नको म्हणून सांगितलंय.