खलनायक खेळाडूंच्या डोळ्यांदेखत वावरत असेल, तर त्याची ओळख लपवावी कशी?

प्रश्न : जकातनाका

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे रंगवून आणि फासे टाकून खेळायच्या कथाखेळाचा मी आमच्या गटातला डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आहे आणि सध्या एक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांचे सलग कथानक, चालवतो. पाचवी आवृत्ती असून नियम २०१४ च्या पुस्तकांतले आहेत. खेळाडूंची पात्रे सध्या सहाव्या लेव्हलला आहेत आणि कथानक एका बंदराच्या शहरात घडते. या शहराचा जकात अधिकारी हाच खलाशांना पळवून परमुलखात विकणाऱ्या टोळीचा सूत्रधार आहे. खेळाडूंना मात्र तो कामाने पिचलेला, अधूनमधून त्यांचे परवाने मार्गी लावणारा भला गृहस्थ वाटतो, आणि आणखी काही काळ तसाच वाटावा अशी माझी इच्छा आहे.

अडचण अशी, की गटातला पॅलाडिन (धर्मयोद्धा) कुठल्याही दालनात पाऊल टाकताच अमानवी जीव हुडकणारी 'डिव्हाइन सेन्स' ही शक्ती वापरतो आणि क्लेरिक (पुरोहित) 'झोन ऑफ ट्रुथ' हा खोटे बोलू न देणारा मंत्र कायम तयार ठेवतो. शिवाय एखाद्या पात्राने आपणहून मदत केली, की 'हाच तो' असे म्हणून सगळे हसतात. मला पडद्यामागे फासे बदलायचे नाहीत, किंवा ऐनवेळी 'तुमचा मंत्र इथे चालत नाही' असेही सांगायचे नाही. नियमांशी प्रामाणिक राहून हे कसे साधावे?

प्रतिसाद १ : पडद्याआड

ज्या शक्तींची आपल्याला धास्ती वाटते, त्या नेमके काय सांगतात हे आधी पाहावे. २०१४ च्या नियमांनुसार 'डिव्हाइन सेन्स'ने ६० फुटांच्या आतले, पूर्ण आडोशामागे नसलेले सेलेस्टियल (स्वर्गीय), फीन्ड (आसुरी) आणि अनडेड (मेल्यावरही वावरणारे) एवढेच जीव कळतात. माणूस कितीही नीच असला तरी तो त्यात येत नाही. 'डिटेक्ट इव्हिल अँड गुड' या मंत्राच्या नावाने तर अनेक जण फसतात; तोही ३० फुटांच्या आतल्या काही ठरावीक जातींचे जीव दाखवतो, कोणाच्या मनात पाप आहे हे दाखवत नाही. तिसऱ्या आवृत्तीतला 'डिटेक्ट इव्हिल' खरोखरच अलाइनमेंट, म्हणजे पात्राची चांगली-वाईट वृत्ती, ओळखत असे, आणि जुन्या खेळाडूंच्या मनातली धास्ती बहुधा तिथूनच आलेली असते. आपला अधिकारी माणूस असेल, तर पॅलाडिनला खुशाल शोध घेऊ द्यावा.

खरा प्रश्न 'झोन ऑफ ट्रुथ'चा आहे. १५ फूट त्रिज्येच्या वर्तुळात आलेल्याला करिश्म्याचा सेव्हिंग थ्रो (प्रभाव झुगारण्यासाठीचा फासा) करावा लागतो, तो साधला की फसला हे मंत्र टाकणाऱ्याला कळते, आणि फसला तर त्या माणसाला जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. पण बोललेच पाहिजे अशी सक्तीही नसते; आपण मंत्राच्या प्रभावाखाली आहोत हे त्याला ठाऊक असते आणि उत्तर टाळण्याची मुभा असते. पुष्कळ डीएम खलनायकाच्या बोटात 'रिंग ऑफ माइंड शील्डिंग' घालून निश्चिंत होतात. ती अंगठी खोटे ओळखणाऱ्या जादूपासून वाचवते, हा मंत्र मात्र खोटे ओळखत नसून बोलूच देत नाही. त्यामुळे अंगठी इथे लागू पडते का, यावर भर खेळात वाद होतो आणि त्या वादातूनच अर्धे गुपित फुटते.

माझ्या मते अंगठी नकोच. अधिकाऱ्याला खोटे बोलण्याची गरजच पडू नये, अशी त्याची उत्तरे आधी लिहून ठेवावीत. बेपत्ता खलाशांविषयी विचारले, तर तो म्हणेल : 'जहाज सुटले त्या रात्री मी याच मेजापाशी हिशेब करत बसलो होतो. सकाळी त्यांच्या बायकांना पगाराची बाकी मी स्वतः नेऊन दिली. गेली बारा वर्षे या धक्क्यावर आहे मी. माणसे गेली की घरचे काय भोगतात, ते मला नका सांगू.' यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरीही त्याने प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. अशी चार-पाच उत्तरे सेशनपूर्वी तयार असावीत, कारण आयत्या वेळी जुळवलेली टाळाटाळ लगेच टाळाटाळ म्हणून ऐकू येते.

याच्या जोडीला त्याला दुसरे, किरकोळ गुपित द्यावे. समजा, तो आपल्या मेव्हण्याची दारूची पिंपे जकात न भरता सोडतो. एखाद्या खेळाडूचा 'इनसाइट' (मन ओळखण्याचा फासा) त्याच्या 'डिसेप्शन'वर (फसवण्याच्या फाशावर) मात करून गेला, तर त्या फाशाचे फळ खेळाडूला मिळालेच पाहिजे. तेव्हा सरळ सांगावे, की तो काहीतरी दडवतो आहे आणि दक्षिणेकडच्या गोदामाचे नाव निघताच दौतीचे झाकण लावता लावता त्याचा हात थबकला. खेळाडू गोदाम धुंडाळतील, पिंपे सापडतील, अधिकारी खजील होऊन कबुली देईल आणि हे बाहेर फुटू नये म्हणून हात जोडेल. त्यानंतर त्याच्या प्रत्येक संशयास्पद हालचालीला खेळाडूंच्याच डोक्यात एक आयते स्पष्टीकरण असेल. खलाशांनाही त्याच गोदामात ठेवत असत, हे पुढे उलगडले तर उत्तमच. 'तो खरे बोलतो आहे' एवढे वाक्य मात्र आपण कधीही उच्चारू नये. 'संशय घेण्याजोगे काही दिसले नाही' असे म्हणावे.

मंत्राला कायद्याने आळा घालायचा असेल, तर तो कायदा आधीच, याच्याशी संबंध नसलेल्या प्रकरणात, ओघाने कानावर घालावा : न्यायाधीशाच्या परवानगीवाचून अधिकाऱ्यावर मंत्र टाकणे हा या शहरात गुन्हा आहे. क्लेरिकने मंत्र टाकायला हात उचलला त्याच क्षणी कायदा जन्माला आला, तर समजायचे ते सगळे समजतात.

प्रतिसाद २ : तीन धागे

वरील प्रतिसादातील तांत्रिक भाग मान्य आहे, परंतु प्रश्नामागच्या गृहीतकाशी मी सहमत नाही. ओळख लवकर उघड होईल, ही भीती बहुतेक डीएमना असते. प्रत्यक्षात उलटेच घडताना दिसते. रहस्यकथेच्या वाचकाला मागची पाने चाळता येतात, तर पंधरवड्याने एकदा भेटणाऱ्या खेळाडूला मागच्या वेळी कोण काय म्हणाले हेही धड आठवत नसते. आपल्याला ढळढळीत वाटणारा दुवा त्याच्या वहीत 'जकातवाला – बरा माणूस' एवढाच उरतो. म्हणूनच इंग्रजी खेळाडूवर्गात 'थ्री क्लू रूल' म्हणून परिचित असलेला नियम मी पाळतो : खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असे वाटते, त्याच्यासाठी किमान तीन स्वतंत्र दुवे पेरावेत, कारण एक त्यांच्या नजरेतून सुटतो, दुसऱ्याचा अर्थ भलताच लावला जातो आणि तिसऱ्याच्या आधाराने गाडी रुळावर येते. पगाराची बाकी चुकती केल्याची नोंद जहाज बेपत्ता झाल्याची वार्ता येण्याच्या आदल्या दिवसाची असावी, हा त्यांपैकी एक चांगला दुवा ठरेल.

आणि समजा, त्यांनी त्याला आधीच ओळखले, तर काय बिघडले? अधिकाराचा शिक्का, पहारेकरी आणि शहरभरचा लौकिक अजून त्याच्याच बाजूने आहे. माहीत असणे आणि सिद्ध करता येणे यांतले अंतर कापण्यातच अनेक सुरेख सेशन निघतात. खेळाडूंनी योग्य तर्क केला म्हणून ऐनवेळी सूत्रधार बदलणे मात्र फासे बदलण्याहून वाईट, कारण त्यामुळे आजवर दिलेला प्रत्येक दुवा पूर्वलक्षी प्रभावाने खोटा ठरतो.

मदत करणाऱ्यावर संशय घेण्याची सवय बहुधा डीएमनेच लावलेली असते. शहरात नि:स्वार्थीपणे मदत करणारी आणि शेवटपर्यंत भलीच राहणारी माणसे भरपूर ठेवा. त्यांतल्या एखादीवर विनाकारण 'झोन ऑफ ट्रुथ' टाकल्यावर ती दुखावली जाऊन दार लावून घेते, हे एकदा अनुभवले की क्लेरिकचा हात आपोआप आखडतो.

प्रतिसाद ३ : कोपऱ्यातला खेळाडू

मी डीएम नाही, खेळाडू आहे. त्यामुळे खलनायक आम्हाला कसे कळतात तेवढे सांगतो. ज्याचे चित्र तयार असते, तो महत्त्वाचा. ज्याचे नाव डीएम न अडखळता घेतो तोही महत्त्वाचा, कारण कोळिणीचे नाव विचारले की आधी 'अं…' ऐकू येते. तेव्हा वीसेक नावांची यादी जवळ ठेवा आणि कोळिणीलाही त्यातलेच नाव ताबडतोब द्या. ऑनलाइन खेळत असाल, तर चित्राच्या फाइलचे आणि टोकनचे (पडद्यावरच्या सोंगटीचे) नाव एकदा तपासून घ्या. फासा उघड टाकून वीसपैकी २ आला आणि डीएम म्हणाला 'माणूस प्रामाणिक वाटतो', तर आम्हाला काय समजायचे ते समजते. त्यापेक्षा प्रत्येकाचा पॅसिव्ह इनसाइट, म्हणजे फासा न टाकता धरायचा आकडा (१० अधिक मॉडिफायर, म्हणजे पात्राच्या कौशल्याची भर), आधीच टिपून ठेवा आणि न विचारता मनातल्या मनात ताडून पाहा.

जकातनाका

सर्वांचे आभार. पगाराच्या नोंदीची तारीख आणि मेव्हण्याची पिंपे या दोन्ही गोष्टी मी निश्चितच वापरणार आहे. एक उपप्रश्न आहे : अधिकारी मुळात वेश पालटलेला राक्षस निघाला तर? नियमांनुसार सहाव्या लेव्हलपर्यंतचा कोणताही मंत्र त्याच्या मर्जीवाचून त्याच्यावर चालत नाही आणि त्याला हुडकूही शकत नाही. मग 'झोन ऑफ ट्रुथ'ची चिंताच मिटेल.

प्रतिसाद १ : पडद्याआड

आपल्या गटासाठी त्याच्याइतका गैरसोयीचा खलनायक शोधून सापडणार नाही. या खेळातला राक्षस हा फीन्ड आहे आणि 'डिव्हाइन सेन्स' हा मंत्र नाही, ती पॅलाडिनची अंगभूत शक्ती आहे; त्यामुळे मंत्रांपासूनचे संरक्षण तिथे निरुपयोगी ठरते आणि पहिल्याच भेटीत, ६० फुटांवरून, त्याचे बिंग फुटते. क्लेरिकचेही समाधान होणार नाही, कारण सेव्हिंग थ्रो साधला की फसला यांपैकी काहीच कळले नाही, तर तो गप्प बसणार नाही.

त्यातून राक्षसाचे तळहात उलटे असतात. आपल्याकडच्या भुतांचे पाय उलटे, तसा हा प्रकार. 'डिसगाइज सेल्फ'ने तो ते लपवतो, पण ते नुसते दृश्य असते, स्पर्शाला टिकत नाही. त्यामुळे तो कधी हस्तांदोलन करत नाही, परवाना हातात न देता मेजावर सरकवतो, नाणी बशीत टाकायला सांगतो. हा तपशील मला फार आवडतो आणि तो वाया जाऊ नये असेही वाटते. म्हणून अधिकारी माणूसच ठेवा, आणि खलाशी विकत घेणारा गिऱ्हाईक राक्षस ठेवा. त्याचे जहाज धक्क्याला न लागता खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभे राहते, व्यवहार होडीतून पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर चालतो, आणि तो स्वतः ६० फुटांच्या आत येतो तेव्हा पॅलाडिन दहाव्या लेव्हलच्या पुढे गेलेला असतो.