'रिंगफोर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

आयर्लंडमधल्या 'रिंगफोर्ट'वरचा लेख मराठीत आणतोय. पहिल्या खर्ड्यात सरळ 'वर्तुळाकार किल्ला' लिहिलं. घरी वाचायला दिलं तर पहिला प्रश्न आला, "तोफा कुठे ठेवायचे?" तोफा कसल्या! मातीचा गोल बांध, त्याबाहेर चर, आत साधारण ३० मीटर व्यासाची जागा. तिथे घर आणि रात्री आत घेतलेली गुरं. बहुतेक इ.स. ६०० ते ९०० मधले. शब्द सुचवा.

प्रतिसाद: गढी! मातीचीच असते की.

प्रतिसाद: गढी नको. गढी म्हटलं की देशमुख आले, बुरूज आले, आणि ती गावात एकच. इथे ४०,००० हून जास्त आहेत, म्हणजे बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्याचं ते घरच. श्रीमंती गाईंवर मोजायचे आणि गुरं पळवणं नेहमीचं, म्हणून बांध. त्यांचेच शब्द बघा ना. जुन्या आयरिशमध्ये 'राथ' म्हणजे बांध आणि 'लेस' म्हणजे बांधाच्या आतलं आवार. पुढे दोन्ही एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले. डब्लिनचं रॅथमाइन्स त्या राथवरून, आणि 'लेस'वरून लिस्मोर हे गाव, म्हणजे 'मोठं आवार'. बांध दगडी असेल तर 'कॅशेल'. मी 'वाडगं' (गुरं कोंडायचं आवार) सुचवणार होतो, पण शहरी वाचकाला त्यात आमटी दिसेल.

घराला मात्र बिनधास्त 'कुडाचं' म्हणा. उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिममध्ये डिअर पार्क फार्म्सला १९८० च्या दशकात उत्खनन झालं, तिथे ओलीमुळे टिकलेल्या विणलेल्या भिंती सापडल्या. दुहेरी कूड, मध्ये गवत-पाला ठासलेला.

प्रतिसाद: शीर्षकात 'रिंगफोर्टचं संरक्षण' लिहू नका हं. वाचणाऱ्याला वाटेल शत्रूपासून. 'जतन' लिहा. कायद्याबद्दल लिहिताना 'संरक्षित स्मारक' चालेल, पाटीवर तेच असतं. तिकडे १९३० मध्ये राष्ट्रीय स्मारकांचा कायदा झाला. १९९४ च्या दुरुस्तीनंतर नोंदीतल्या जागेवर काही काम करायचं तर दोन महिने आधी लेखी कळवावं लागे.

प्रतिसाद: कायद्याच्या आधी भीतीनेच जास्त जपलं असावं. लोक त्यांना 'फेअरी फोर्ट' म्हणतात. आतलं झाड तोडलं की घरात आजारपण, गुरं दगावतात, असा समज. म्हणून नांगर बांधाला वळसा घालून जायचा. आपल्या देवराईतली वाळकी काटकीही कुणी उचलत नाही, तसंच. पण 'परी' लिहिलंत तर पंख आणि जादूची कांडी येणार. आयरिश समजुतीतले हे 'शी' लोक तसले नव्हेत, कोपणारे आहेत. कोकणातला 'देवचार', म्हणजे जागेचा राखणदार, त्यांना जास्त जवळचा.

मूळ प्रश्नकर्ता: 'देवचार' नाही घेत, तो एकदम तळकोकणात नेतो. 'शी'सुद्धा नको, मराठीत भलतंच वाचलं जाईल! 'जागेवाले' लिहितो. किल्ला गेला, 'राथ' ठेवला, पहिल्या उल्लेखाला 'बांधाचं गोल आवार' असा खुलासा. आता एकच अडलंय: काही राथांना एकात एक दोन-तीन बांध असतात, ते वरच्या मानाच्या लोकांचे समजतात. त्यांना 'दुबांधी', 'तिबांधी' म्हटलं तर कानाला खटकतं का?