घरातलं सोनं आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात स्कूटर, विमा नक्की कशाकशाला लागू होतो?

कोथरूडकरीण
नमस्कार मंडळी, दोन प्रश्न आहेत, दोन्ही विम्याचेच म्हणून एकत्रच विचारतेय. नणंदेचं लग्न फेब्रुवारीत आहे, त्यामुळे सासूबाईंचे दागिने लॉकरमधून काढून घरी आणलेत, पाटल्या, तोडे, मोहनमाळ, ठुशी असं मिळून पंधराएक तोळे तरी होईल. आणि गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या सोसायटीत भरदुपारी कडीकोयंडा तोडून घरफोडी झाली, तेव्हापासून सासूबाईंना झोप नाहीये. होमलोन घेताना घराचा एक विमा काढला होता, त्यावर भारत गृह रक्षा असं लिहिलंय, नवरा म्हणतो त्यात सगळं आलं, काळजी करू नका. खरंच येतं का त्यात सोनं?

दुसरं म्हणजे मुलगा सतराचा आहे, बारावीत, डेक्कनला पहाटेचा क्लास. त्याला माझी स्कूटर हवीय, सगळे मित्र आणतात म्हणे, आणि सासरे म्हणतात गाडीला फुल इन्शुरन्स आहे मग देऊन टाक की. मला अजिबात पटत नाही पण घरात नाही म्हणणारी मी एकटीच. नियम काय आहे आणि त्याला समजवायचं कसं, प्लीज कोणीतरी नीट सांगा.

सर्व्हेअर_नाशिक
ताई, दागिन्यांचं मी सांगतो, याच कामात बरीच वर्षं आहे.

भारत गृह रक्षा ही १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना द्यावी लागणारी एकसारखी पॉलिसी आहे. आग, पूर, भूकंप, वीज पडणं, दंगल अशा गोष्टींसाठी ती चांगलीच आहे. घरातल्या सामानाला त्यात आपोआप कव्हर मिळतं, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख. पण हे सामान म्हणजे फ्रिज, टीव्ही, फर्निचर, कपडे. सोनं, चांदीची भांडी, पेंटिंग ही 'मौल्यवान वस्तू' म्हणून वेगळी धरतात आणि त्यांचं कव्हर वेगळं मागून, प्रीमियम भरून घ्यावं लागतं. तुम्ही मागितलं नसेल तर नाहीये असंच समजा.

आता खरी मेख. या पॉलिसीत मुळात जी चोरी धरलेली आहे ती फक्त आग, पूर वगैरे घटनेनंतर ७ दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेली. म्हणजे आग लागली, घर उघडं पडलं आणि कोणी सामान नेलं तर. साधी घरफोडी त्यात बसत नाही, त्यासाठी बर्गलरी कव्हर जोडून घ्यायचं किंवा हाउसहोल्डर पॅकेज पॉलिसी बघायची. माझ्या कामात सगळ्यात वाईट वाटायचं ते इथेच, माणसं विश्वासाने कागद पुढे करतात आणि त्यात घरफोडीच नसते.

बर्गलरी कव्हर घेताना तीन गोष्टी एजंटला विचारून लेखी घ्या. कुलूप तोडल्याची खूण नसेल, म्हणजे कोणी उघड्या दारातून नेलं तर क्लेम मिळतो का (बऱ्याचदा नाही, त्याला वेगळं कव्हर लागतं). कामवाल्या माणसांकडून चोरी झाली तर काय. आणि घर सलग किती दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं, पुष्कळ पॉलिसीत हे ३० दिवस असतात, परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी तर हे बघायलाच हवं.

व्हॅल्युएशनचं पण सांगतो. मौल्यवान वस्तूंची रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर गृह रक्षामध्ये सर्टिफिकेट लागत नाही. पण सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, एक पाटलीसुद्धा या मर्यादेत बसायची नाही, तेव्हा सरकारमान्य व्हॅल्युअरकडून करूनच घ्या. रक्कम आधी ठरवून लिहितात, नंतर भाव वाढला तरी तीच राहते, म्हणून दर रिन्यूअलला वाढवून घ्यायची.

ठाणेकर_आत्या
वरचं सगळं बरोबर, त्यात माझी भर. प्रत्येक दागिन्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून, वजन लिहा. १ एप्रिल २०२३ नंतर हॉलमार्कचा दागिना घेतला असेल तर त्यावर सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी नंबर, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो तो टिपून ठेवा. सासूबाईंच्या जुन्या दागिन्यांवर नसणार, पावत्याही नसतील, म्हणून फोटो आणि व्हॅल्युएशन जास्तच महत्त्वाचं. हे सगळं ईमेलला ठेवा, त्याच कपाटात नको.

आणि चोरी झालीच तर एफआयआर लागतोच, शिवाय पोलिसांना तपास लागला नाही तर ते कोर्टात 'अ समरी' पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. मोठ्या क्लेमला हा कागद बहुतेक वेळा मागतातच आणि तो यायला महिने लागतात, तोवर पाठपुरावा सोडायचा नाही.

मी म्हणेन लग्नाला अजून अवकाश आहे तर दागिने परत लॉकरमध्येच टाका. तिथेही एक माहीत असू द्या, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं २००० असेल तर २ लाख, पंधरा तोळ्यांपुढे ते काहीच नाही. तरी घरच्या कपाटापेक्षा शंभर वेळा बरं. कार्यालयात दागिने घालून जाणार तेव्हाचं कव्हर हा आणखी निराळा प्रकार, घराबाहेरचं धरायला 'ऑल रिस्क' मागायचं, नाहीतर पॉलिसी उंबरठ्यावरच थांबते.

साताऱ्याचा_बाबा
मी गाडीबद्दल बोलतो, माझ्या मुलीला आत्ताच लायसन मिळालंय.

ताई तुम्ही एकट्या नाही म्हणताय पण तुमचंच बरोबर आहे, ठाम राहा. कायद्यात १६ वर्षांना फक्त ५० सीसीपर्यंतची गाडी चालते आणि तशी गाडी आज शोरूममध्ये जवळपास मिळतच नाही. तुमची स्कूटर १०० सीसीच्या वरचीच असणार, त्याला १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलंय, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. हे शेवटचं वाक्य मुलाला वाचून दाखवा, माझ्या मुलीच्या डोक्यात पक्कं बसलं ते हेच.

आता सासऱ्यांचा फुल इन्शुरन्स. बिनलायसनच्या पोराने गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारतात. समोरच्याला लागलं तर कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक कोण, तर तुम्ही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो तो लायसन असलेल्या मालकासाठी, मुलाला त्यातलं काही मिळत नाही. हे सगळं सासऱ्यांना शांतपणे सांगा, त्यांचा हेतू वाईट नाही, त्यांना फुल म्हणजे सगळंच वाटतंय.

आणि पुण्यात राहून मे २०२४ चं कल्याणीनगर कोण विसरलंय? सतरा वर्षांचा मुलगा गाडी चालवत होता आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. पैशाने हे भरून येत नाही हो.

पण नुसतं नाही म्हणून मुलं ऐकत नाहीत, मित्राची गाडी घेतात. त्याला तारीख द्या. अठरा झाले की लर्निंग, ३० दिवसांनी पक्क्या लायसनची टेस्ट, मधल्या काळात रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर बापाने शिकवायचं. आम्ही मुलीसोबत ठरवलं की पहिलं वर्षभर मागे कोणी बसवायचं नाही, रात्री नऊनंतर गाडी नाही, फोन डिकीत, आयएसआय हेल्मेट गल्लीतल्या दुकानापर्यंतसुद्धा. आणि मी स्वतः सिग्नल तोडायचा नाही हेही त्यातच, ती पहिल्या दिवसापासून माझ्यावर लक्ष ठेवून असते. तोवर तुमच्याकडे वनाजवरून डेक्कनला थेट मेट्रो आहे की, पहिली गाडी क्लासच्या वेळेत बसते का तेवढं बघा.

कोथरूडकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. पॉलिसी काढून बघितली, मौल्यवान वस्तूंच्या पुढे रकाना कोरा आहे, बर्गलरी तर नाहीच. उद्याच लॉकर. मुलाने आता नवीन काढलंय की इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन लागत नाही, ते खरं का?

साताऱ्याचा_बाबा
अर्धं खरं. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तरच लायसन आणि नंबरप्लेट लागत नाही. रस्त्यावर जोरात पळताना दिसतात त्या बहुतेक यात बसत नाहीत, आणि काही ठिकाणी वेगाचं लॉक काढून देतात, तसं केलं की ती सरळ मोटार वाहन होते आणि वर सांगितलेलं सगळं लागू. घ्यायचीच असेल तर मंजुरीचा कागद आणि वेग दोन्ही तपासून घ्या, हेल्मेट तरीही हवंच, आणि त्या वेगाने कर्वे रोडवर बसेसच्या मधे मी माझ्या पोराला पाठवणार नाही.

सर्व्हेअर_नाशिक
ताई, लॉकरला जायच्या आधी व्हॅल्युअरला घरी बोलवा, एकदा आत गेले की परत काढायचा कंटाळा होतो आणि ते राहून जातं.