पित्ताशयातले खडे: लक्षणं नसतील तर घाई नको, पण सिकलसेल असेल तर?

‘सोनोग्राफीत खडा दिसला ना, मग पित्ताशय काढून मोकळं व्हा’ असं काहीजण सांगतात, ते मला काही पटत नाही. त्रास नसलेल्या शंभर जणांपैकी वर्षाला जेमतेम एक-दोघांना त्रास सुरू होतो. आणि भरीत-पुरी चेपून खाल्ल्यावर पोट फुगलं म्हणजे खडाच असं नाही, ते ऑपरेशननंतरही फुगेल! खड्याची कळ उजव्या बरगडीखाली किंवा वर पोटात येते, कधी पाठीत-खांद्यात जाते आणि अर्धा तास तरी सोडत नाही.

पण आपल्या नंदुरबार भागातली एक गोष्ट यात सुटते. धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) बराच आहे. त्यात तांबड्या पेशी सतत फुटतात, बिलिरुबिन (फुटलेल्या पेशींतून तयार होणारं पिवळं द्रव्य) वाढतं आणि शाळकरी पोरांनाही काळे खडे होतात. तळोद्याच्या मित्राच्या पुतणीचं पोट दुखायला लागलं की ही कळ सिकलसेलची की खड्याची, यावरच घरात आणि दवाखान्यात घोळ. म्हणून अशा रुग्णांत बरेच सर्जन लक्षणं नसतानाही, तब्येत बरी असताना, दुर्बिणीने पित्ताशय काढायचा सल्ला देतात. भूल देण्याआधी रक्त चढवायचं का तेही ठरवावं लागतं, त्यामुळे सिकलसेल असल्याचं सर्जनला आधीच सांगा. नुसत्या वाहकाला (ज्याच्यात सदोष जनुक एकच असतं, आजार नसतो) लक्षणं नसताना पित्ताशय काढायचा हा सल्ला लागू नाही.